शिवरात्रीला नको, अष्टमीला चला: बेळगावकडच्या पक्षिमित्रांना खुलं पत्र

शहापूर, बेळगाव
माघ शुद्ध अष्टमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सर्व पक्षिमित्रांना, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना आणि दर हिवाळ्यात कारवारची सहल काढणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्र तीन आठवड्यांवर आली आहे. ग्रुपवर गाड्या ठरायला लागल्या आहेत. सकाळी कारवारला काली नदीच्या मुखावरचे पक्षी, दुपारी गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन आणि रात्री उशिरा परत बेळगाव, असा बेत पुन्हा एकदा फिरतो आहे. गाड्यांमधल्या जागा भरायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. पक्ष्यांसाठीची कारवारची सहल शिवरात्रीला काढू नका, होळीलाही काढू नका. अष्टमीच्या आसपासचा रविवार धरा.

दोघा-तिघांना हे मी फोनवर सांगून पाहिलं. "ताई, वर्षातून एकदा चार माणसं गेल्याने काय बिघडतंय?" असं उत्तर आलं. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

माझं माहेर कारवारच्या कोडीबागेचं. घरातून बाहेर पडलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला काली नदी, पलीकडच्या तीरावर सदाशिवगड. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा इथे तिथी फक्त संकष्टी-एकादशीला विचारतात हे पाहून मला नवल वाटलं होतं. आमच्याकडे तिथी आधी पाण्यासाठी लागायची. आत्या ओट्यावर बसून बोटांवर हिशोब करायची आणि म्हणायची, "आज दशमी. मध्यान्हीला सुकती. पेज पिऊन निघू." सुकती म्हणजे ओहोटी. मग टोपली घेऊन ती तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला नदीच्या मुखाकडे जायची आणि मी तिच्या मागे.

ती तिसऱ्या कशी काढायची ते अजून डोळ्यांसमोर आहे. पोटरीभर पाण्यात उभी राहून ती आधी टाचेने चिखल दाबायची, मग अंगठा बाजूला सरकवत न्यायची. शिंपला पायाखाली लागला की तिच्या चेहऱ्यावर कळायचं. वाकून एका हाताने उचलायचा, पाण्यात खळबळून टोपलीत टाकायचा, पुन्हा टाच. तासन् तास हेच. आणि तिच्यापासून दहा-पंधरा हातांवर लहान-लहान करडे पक्षी चिखलात धावत असायचे. चार पावलं धावायचं, एकदम थांबायचं, चोच मारायची, किडा ताणून बाहेर ओढायचा. आत्याच्या लेखी ती सगळी नुसती पाखरं होती, वेगळी नावं तिला ठाऊक नव्हती. पण ती त्यांच्या अंगावर कधी चालून गेली नाही. वाट त्यांच्यातून जात असेल तर वळसा घालायची. त्यांचं आणि तिचं काम एकच होतं, पाणी परत चढायच्या आत पोटाचं काढून घ्यायचं.

त्या पाखरांची नावं मला बेळगावात आल्यावर, तुमच्याच संगतीत कळली. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. राकसकोपच्या काठावर कोणीतरी माझ्या हातात पहिल्यांदा दुर्बीण दिली. धुपदाळच्या घटप्रभा अभयारण्यात शेकड्यांनी उतरलेले करकोचे मी तुमच्याबरोबर पाहिले. गदगजवळच्या मागडी तळ्यावर पट्टकादंब हंस पाहायला आपण थंडीत कुडकुडत गेलो होतो, ते कसं विसरेन? तेव्हा जे लिहिते आहे ते घरच्या माणसांना लिहिते आहे.

अडचण अशी आहे की आपण सगळे तळ्याकाठी शिकलो. तळ्यावर बदकांच्या जवळ गेलं तर ती पोहत मध्यावर सरकतात, चार हात लांब जाऊन पुन्हा डुबक्या मारायला लागतात. त्यांचं पाणी सकाळी जेवढं तेवढंच संध्याकाळी. आपण दिवसभर काठावर बसलो तरी त्यांच्याकडे जागा असते. समुद्रावर तसं नाही. तिथे पक्ष्यांचं ताट दिवसातून दोनदा मांडलं जातं आणि दोनदा उचललं जातं. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खातात, मग दिवस असो वा रात्र. भरती आली की सगळा चिखल पाण्याखाली जातो आणि इतका वेळ मैलभर पसरलेले पक्षी उरल्यासुरल्या वाळूच्या पट्टीवर दाटीने येऊन उभे राहतात. त्या वेळी त्यांना विश्रांतीशिवाय दुसरं काम नसतं आणि सरकायला दुसरी जागाही नसते.

आता शिवरात्रीचा हिशोब मांडते, तो तुम्हीच पडताळून पाहा. शिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. होळी म्हणजे फाल्गुनी पौर्णिमा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पंधरवड्यातलं सगळ्यात जास्त पाणी तेव्हा चढतं. म्हणजे हिवाळा सरताना आपल्याला सोयीच्या ज्या दोन सुट्ट्या मिळतात, त्या दोन्ही दरवर्षी न चुकता उधाणावरच येतात. मुंबईच्या मानाने कारवारची भरती लहान, दोन मीटरांच्या आत-बाहेर. पण सपाट वाळूवर तेवढं पाणीही खूप लांबवर येतं. आणि कारवारला उधाणाची भरती पूर्ण होते ती सकाळी साधारण साडेदहा-अकराच्या सुमाराला. आपण बेळगावहून पहाटे पाचला निघतो, रामनगरला चहा घेतो, जोयड्यावरून अणशीचा घाट उतरतो आणि किनाऱ्यावर पाय ठेवतो तेव्हा साडेनऊ-दहा झालेले असतात. वर्षातल्या अगदी नको त्या दिवशी, अगदी नको त्या तासाला आपण पोचतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण दरवर्षी होतं.

गेल्या शिवरात्रीला असंच झालं. ग्रुपचं नाव घेत नाही, त्यात माझीच माणसं होती आणि मीही होते. सतरा जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर. आम्ही पोचलो तेव्हा नदीच्या मुखाजवळची वाळूची पट्टी दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढीच उरली होती. तिच्यावर पाण्याच्या कडेला सुरय, मागच्या अंगाला थोराड कुरव आणि दोघांच्या मध्ये आत्याची ती करडी पाखरं, म्हणजे सँड प्लव्हर, केंटिश प्लव्हर आणि बाकीचे छोटे, मिळून दोनशेच्या आसपास. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. बहुतेक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. एका टोकाला एकटा कर्ल्यू, लांब वाकडी चोच खांद्यावर टाकून. मी दुर्बिणीतून एका प्लव्हरकडे पाहत होते. त्याचा एक डोळा मिटायचा, उघडायचा, पुन्हा मिटायचा. झोपतानाही ते पहारा सोडत नाहीत.

मग कोणीतरी म्हणालं, "बसलेले काय घ्यायचे? उडताना पाहिजेत." आणि एकजण टाळ्या वाजवत पट्टीच्या दिशेने चालत गेला. थवा उठला. एकदम वळताना सगळ्यांची पोटं उन्हात पांढरी चमकली आणि शटरचा कडकडाट झाला. पक्षी पाण्यावर दोन फेऱ्या घेऊन परत त्याच जागी उतरले, कारण उतरायला दुसरं काही नव्हतंच. पुन्हा टाळ्या. पाऊण तासात पाच वेळा. मी मोजत होते. पाचव्या वेळी ते देवबागच्या बाजूला समुद्रावरून निघून गेले, आणि परत आले ते निम्म्याहून कमी. कर्ल्यू तर दुसऱ्याच खेपेला निघून गेला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत तो फोटो सगळ्यांनी पाहिला. फोटो खरंच सुंदर होता. मीही तोंड भरून कौतुक केलं. त्या दिवशी मी एका शब्दाने कोणाला थांबवलं नाही, याची बोचणी वर्षभर आहे. हे पत्र त्या दिवशीच बोलायला हवं होतं ते बोलण्यासाठी आहे.

तो जो डोळा मिटून उभा होता, त्याच्याविषयी थोडं सांगते. आपण ज्याला इतकी वर्षं लेसर सँड प्लव्हर म्हणत आलो, त्याच्या आता दोन जाती मानतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्याला याद्यांमध्ये तिबेटन सँड प्लव्हर म्हणतात. वजन साठ-सत्तर ग्रॅम, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडं जास्त. घरटं करतो तो तिबेटच्या पठारावर आणि आपल्या लडाखमध्ये, चार हजार मीटरांच्या वर, जिथे जून उजाडल्याशिवाय थंडी हलत नाही. कारवारहून लडाख सरळ रेषेत धरलं तरी दोन हजार किलोमीटरच्या वर भरतं. मध्ये अख्खं हिंदुस्थान आणि मग हिमालय.

या प्रवासाची शिदोरी तो आपल्या चिखलातून बांधून नेतो. फेब्रुवारी-मार्च हे त्याचे शिदोरी बांधायचे महिने. पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक या दिवसांत पक्षी हातात धरून छातीवरच्या पिसांवर हलकी फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि गळ्याखालच्या खळीत कातडीमागे पिवळसर चरबी दिसते. ती खळी किती भरली आहे, त्यावरून पक्षी निघायला किती तयार आहे ते कळतं. हिवाळ्यात करडा दिसणारा हाच पक्षी मार्चमध्ये रंग बदलायला लागतो. छातीवर विटकरी पट्टा चढतो, डोळ्यांवर काळी पट्टी येते. तो रंग घालायलाही खाल्लेलंच खर्ची पडतं. पंख मारत उडायला नुसतं उभं राहण्याच्या कितीतरी पट ताकद लागते. म्हणजे आपण पाच वेळा उठवलं तेव्हा सकाळभर कमावलेलं पाच वेळा खर्चायला लावलं, आणि पुढची ओहोटी संध्याकाळपर्यंत नव्हती.

चरबीच्या जोरावर हे पक्षी काय करतात ते ऐकून माझी मती गुंग होते. २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्कातून उडाला आणि अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता, अन्नपाण्याशिवाय. त्याच जातीचे पक्षी दुसऱ्या वाटेने आपल्याही किनाऱ्यावर येतात. चिखलात गुडघाभर उतरून चोच मुळापर्यंत खुपसणारा तो लांब पायांचा पक्षी आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. त्याच्याकडे बघताना हा आकडा आठवा.

आणि हे पक्षी कमी होत चालले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीचा नवा आढावा आला, त्यात चिखलावरच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या सोळा जातींची स्थिती आधीपेक्षा बिघडल्याची नोंद झाली. ग्रे प्लव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर आता संकटग्रस्त जातींत गेले. डनलिन आणि टर्नस्टोन त्या उंबरठ्याशी आले. ही काही आपण कधीच न पाहिलेली परदेशी नावं नाहीत. आपल्या वह्यांमध्ये कारवारच्या पानावर ही चारही आहेत. आपल्या कर्ल्यूचा एक सख्खा भाऊबंद होता, सडपातळ चोचीचा कर्ल्यू. तो शेवटचा खात्रीने दिसला फेब्रुवारी १९९५ मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या एका खाजणात. हिवाळ्याच्या शेवटी, पाणथळ किनाऱ्यावर, पक्षी पाहणाऱ्यांनीच त्याला पाहिलं. त्यानंतर तीस वर्षं लोक शोधत राहिले आणि २०२५ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याला संपवलं ते शिकारीने आणि त्याच्या पाणथळ जागा बुजवल्याने, कॅमेऱ्याने नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या वाट्याला इतकं सगळं आलं आहे, त्यांच्या विश्रांतीच्या दोन तासांवर तरी आपण हात टाकू नये.

शिकारीवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज कलेक्टर कारवारात होता, पक्ष्यांचा मोठा जाणकार. उत्तर कानडा जिल्ह्यातल्या पक्ष्यांवरचे त्याचे लेख १८९८ च्या सुमाराला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. त्या काळी पक्षी नक्की ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडून हातात घ्यायचा, अंडी गोळा करायची. आज आपल्या हाती दुर्बीण आहे, लांब पल्ल्याची लेन्स आहे. जवळ न जाता पाहायची सोय त्यांना नव्हती, आपल्याला आहे.

आता फोटोवाल्यांची एक रास्त अडचण. ते म्हणतात, सकाळचं ऊन पाठीशी असतं, समोर समुद्राकडे तोंड केलं की पक्ष्यांवर छान उजेड पडतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर आला की पक्षी नुसते काळे दिसतात. अगदी खरं. म्हणूनच अष्टमी म्हणते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्येला सकाळी अकराला येणारी भरती अष्टमीपर्यंत सरकत सरकत दुपारी चार-पाचला जाते आणि सकाळी दहा-अकराला ओहोटी येते. म्हणजे बेळगावहून नेहमीच्याच वेळेला निघा, नेहमीच्याच वेळेला पोचा, ऊन तुमच्या पाठीशी, आणि समोर पक्षी सावकाश खात पसरलेले. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी असतं, म्हणजे पंधरवड्यातली सगळ्यात लहान भरती-ओहोटी. ते फार मागे हटत नाही हे खरं, पण फार वरही चढत नाही, त्यामुळे भरतीलाही पक्ष्यांना उभं राहायला ऐसपैस वाळू उरते. रविवार नेमका अष्टमीला येत नसेल तर सप्तमी ते दशमी चालेल. एक लक्षात ठेवा, कॅलेंडरांत मुंबईच्या भरतीच्या वेळा असतात, कारवारला त्या तासभर अलीकडे येतात. मोबाइलवर कारवारचं वेगळं कोष्टक मिळतं, ते बघावं.

शिवरात्रीलाच जायचं असेल, गोकर्णाचा नवस असेल, तर क्रम तेवढा उलटा करा. सकाळी दर्शन घ्या, तीन-चारला कारवारला या. त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला असते. फोटो कमी मिळतील. पण मावळतीच्या उजेडात ओल्या चिखलावर शेकडो सावल्या धावताना दिसतात, ते एकदा दुर्बिणीतून नुसतं पाहून घ्या.

कुठे थांबायचं हे पक्षीच सांगतात. एका पायावर उभा असलेला दुसरा पाय खाली टाकतो, मान वर होते, बाजूचा एक दोन पावलं सरकतो, कोणीतरी बारीक शीळ घालतो. पहिली मान वर झाली की तिथेच थांबायचं, आणि सगळ्या माना पुन्हा खाली जाईपर्यंत हलायचं नाही. त्यांच्याकडे सरळ रेषेत चालत जाऊ नका, आत्यासारखा वळसा घ्या, वाकून, थांबत थांबत. सतरा जणांनी एका ओळीत उभं राहिलं तर पक्ष्यांना तो कुंपणासारखा दिसतो. चार-चार जण जा, बाकीच्यांनी सुंकेरीच्या बाजूला खारफुटीतले खंड्या पाहावेत, तिथेही कमी गंमत नाही. ड्रोन मात्र कोणीही नेऊ नका. घार आली असं समजून अख्खा किनारा उठतो.

"कुत्र्यांचं काय? जेट स्कीचं काय? रापण ओढणारे तर रोज असतात, त्यांना कोण सांगणार?" हेही मला ऐकवलं गेलं. कुत्री आणि पाण्यावरच्या धडधडणाऱ्या मोटारी हा मोठा उपद्रव आहे, त्याबद्दल जिल्हा प्रशासनाला मी वेगळं लिहिते आहे. रापणकारांचं मात्र तसं नाही. ते जाळं ओढत एका जागी उभे असतात, पक्ष्यांकडे बघतही नाहीत आणि पक्ष्यांना ते कळतं. मी लहानपणापासून पाहिलं आहे, रापणीच्या मागे कुरव आणि घारी उलट गोळा होतात. पक्ष्यांच्या मागे लागणारी माणसं त्या किनाऱ्यावर आपणच आहोत, आणि पक्षिमित्र हे नावही आपणच घेतलं आहे.

दक्षिणेला कुमठ्याजवळचं अघनाशिनीचं मुख २०२४ च्या जानेवारीअखेर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, ४,८०१ हेक्टर. धरण न बांधलेली नदी, गजनीतली, म्हणजे खाडीकाठच्या खाजण जमिनीतली, खाऱ्या पाण्यातली कग्गा भाताची शेती, तिसऱ्यांवर जगणारी हजारो घरं, या सगळ्यासकट. मला त्याचा फार आनंद झाला. त्या यादीत कालीचं मुख नाही. कालीवर सुपा, कद्रा अशी धरणं आहेत, बाजूला बंदर आहे, महामार्ग आहे. तिथल्या पक्ष्यांना आंतरराष्ट्रीय पाटीचा आधार नाही. म्हणून आपलं वागणं तिथे जास्त मोलाचं आहे असं मला वाटतं.

थवा भरतीला नेमका कुठे बसतो त्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणं आता बंद करू या. "काली नदीचं मुख, कारवार" एवढी नोंद अभ्यासाला पुरते. पिन टाकली की पुढच्या रविवारी तिथे आपल्याला न ओळखणारी तीस माणसं जातात. त्यांना माना वर-खाली झालेल्या कोण दाखवणार? गेल्या वर्षीच्या पाच उड्डाणांचे व्हिडिओ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते काढून टाकावेत, असं मी आदेश म्हणून सांगत नाही, पण तसं झालं तर बरं वाटेल. नवे लोक बघून बघूनच शिकतात. टाळ्या वाजवणारा तो मुलगाही असाच एखादा व्हिडिओ पाहून आला होता. मनाने चांगला आहे. त्याने परवा धुपदाळला मांज्यात अडकलेला बगळा पाण्यात उतरून सोडवला.

शाळांच्या सहली नेणाऱ्या गुरुजी-बाईंना स्वतंत्र विनंती. मुलांना आणाच. चाळीस मुलं वाळूवर मात्र सोडू नका. त्यांना आधी तिसऱ्या काढणाऱ्या बायकांकडे न्या. चिखलात पाय घालून टाचेखाली काय काय लागतं ते मुलांना स्वतःला कळू दे. शंख, खेकडे, किडे, ओली बुळबुळीत माती. त्या चिखलात कोणाचं जेवण आहे हे एकदा पायाला कळलं की मग लांबून टेलिस्कोपमधून पक्षी दाखवा. त्या मुलांना "गप्प बसा" म्हणायची वेळ येत नाही. दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या एका मराठी शाळेच्या सहावीच्या मुलींबरोबर मी हे केलं आहे. एका मुलीने चिखलातून पाय काढून विचारलं, "बाई, आपण उभं राहिलो ती जागा आता त्यांना खायला खराब झाली का?" मी तिला सांगितलं, पुढची भरती येईल आणि सारखी करून जाईल.

फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या जवळच्या रविवारी मी कोडीबागेला माहेरी असेन. होळीच्या आधीचा आठवडा, पाणी भांगाचं, ओहोटी सकाळी. तोपर्यंत काही प्लव्हरांच्या छातीवर विटकरी पट्टा दिसायला लागलेला असेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी या. बाराच्या वर माणसं नकोत, जास्त झाली तर दुसरा गट पुढच्या पंधरवड्यात फाल्गुन वद्य अष्टमीला करू. सकाळी साडेनऊला जमायचं, अंगात मळकट रंगाचे कपडे, पायात भिजली तरी चालेल अशी चप्पल. माझ्याकडे एक टेलिस्कोप आहे, खानापूरच्या मित्राचा दुसरा मिळेल. तिसरा कोणाकडे असेल तर कळवा. पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी माझ्या घरी, शाकाहारी मंडळींसाठी आंब्याचं लोणचं आहे.

तुमच्यातलीच एक,
माहेर कोडीबाग, सासर शहापूर